रांगेतला उलटा माणूस

आमच्या घरात 'उलटं' हा चांगला शब्द आहे. बाकीच्या घरांत मुलांना 'उलट बोलू नकोस' म्हणून दटावतात. आमच्याकडे बाबा माझ्या खांद्यावरून वाकून विचारायचे, "उलटं केलंस ना?" आणि मी हो म्हटलं की खूश व्हायचे. कारण आमचा धंदाच उलटा. काचेचे आणि फरशीचे रंगीत तुकडे जाड कागदावर खळीनं पालथे चिकटवायचे, म्हणजे चांगली बाजू कागदाकडे. आम्ही त्या कागदाला पान म्हणतो. ते पान भिंतीवरच्या ओल्या सिमेंटवर दाबायचं, वरून पाणी मारायचं आणि कागद सोलून काढायचा. खाली चित्र निघतं, पण आरशातल्यासारखं फिरलेलं. भिंतीवर उजवीकडे बघणारा माणूस हवा असेल, तर पानावर तो डावीकडे बघायला हवा.

मी मूळ चित्र खिडकीच्या काचेवर पालथं धरून गिरवून घेते आणि मग त्यावर तुकडे लावते. बाबांना हे असलं काही लागत नाही. चित्र समोर सुलटंच टेकवून ठेवतात, आणि हात थेट उलटं लावत जातो. फिरवाफिरव सगळी डोक्यात. "काचेवर गिरवणं म्हणजे पाठीला डबा बांधून पोहणं," असं ते मला चारचौघांत ऐकवतात. मी ऐकून घेते, कारण खरंच आहे ते.

गेलं वर्षभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता तो या डोक्यापायी. आधी नळ झाला. बाबा तो बंद करायच्या दिशेनं उघडायला गेले आणि पिळून पिळून चावी हातात आली. मग शर्ट उलटा घालून बाहेर आले. आई म्हणाली, अहो शिवण दिसतेय, तर तिच्यावरच खेकसले, की शर्ट सुलटा आहे, तुझे डोळे तपासून घे. मग एकदा कोपऱ्यावरच्या दुकानातून निघाले आणि घराच्या विरुद्ध दिशेनं चालत सुटले. औषधवाल्यानं हाका मारून वळवलं. घरी येऊन म्हणाले, "जरा पाय मोकळे करत होतो." आईनं माझ्याकडे बघितलं, मी आईकडे, आणि आम्ही दोघी मुकाट्यानं भाजी निवडायला बसलो.

एकेक गोष्ट सुटी धरली तर काहीच नाही. वय झालं की होतं. पण मला धास्ती होती ती वेगळ्याच गोष्टीची, आणि ती मी आईलाही बोलून दाखवली नव्हती. हात चालताहेत, नजर शाबूत आहे, पण ती डोक्यातली फिरवाफिरवच गेली तर? उलटं कुठलं आणि सुलटं कुठलं हे बाबांना कळेनासं झालं, तर बाबांचं उरतं काय? निवृत्त होऊन बागेत फिरणाऱ्यांतले ते नव्हेत. काम नसलं की दोन दिवसांत त्यांचा चेहरा उतरतो, आणि आम्हाला घर नकोसं होतं. एक पान चुकलेलं त्यांना कळायचा अवकाश, ते पुन्हा तुकड्यांना हात लावणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी त्यांची लेक आहे, त्यांचा ताठा माझ्यातही उतरलाय.

अशात ते सरकारी काम आलं. सरकारी इमारतींच्या बाहेरच्या भिंतींवर स्थानिक कलाकारांकडून काहीतरी करून घ्यायचं, असं वर कुठेतरी ठरलं होतं. आमच्या वाट्याला नोंदणी कार्यालयाची भिंत आली. जन्म, लग्न, मृत्यू, सगळ्यांचे दाखले तिथे मिळतात. मुलाखतीला समिती बसली होती. मधोमध खात्याच्या मुख्य अधिकारी, ज्यांना सगळे 'मोठ्या बाई' म्हणत, आणि त्यांच्या डाव्या हाताला एक तरुण इंजिनिअर, ज्याला सगळे नुसतंच 'ज्युनियर' म्हणत. मी आमचं चित्र टेबलावर पसरलं.

"हे काय आहे?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"रांग," मी म्हटलं. "खिडकीकडे चाललेली. माणसाएवढी माणसं."

"रांग?" ज्युनियर म्हणाला. "म्हणजे आमच्या ऑफिसबाहेर रांग असते, असं आम्हीच भिंतीवर लिहून ठेवायचं?"

त्याच्या मागच्या खिडकीतून बाहेरची रांग दिसत होती. ती फाटकापर्यंत गेली होती आणि तिथून वळून पुन्हा आत आली होती. बाबा बोलले. "साहेब, माणसाला उभं राहायचं असेल तर सोबत बरी," एवढंच. मोठ्या बाई हसल्या आणि काम आम्हाला मिळालं. अट मात्र त्यांनी घातली. रांग शिस्तीची हवी, सगळे खिडकीकडे तोंड करून, आणि मंजूर चित्राबाहेर एक रेघ जायची नाही. गेली तर तेवढा भाग काढून टाकायचा. हे काम नीट झालं तर पाणीपुरवठ्याच्या इमारतीची भिंतही तुमचीच, असंही म्हणाल्या.

आम्ही एका पानावर एक माणूस असं काम वाटून घेतलं. बहुतेक पानं मी केली. रांगेच्या मधला निळ्या शर्टातला माणूस बाबांनी मागून घेतला. खोलीच्या दुसऱ्या टोकाला टेबल ओढून, माझ्याकडे पाठ करून ते काम करत राहिले. पान पुरं झालं तसं त्यांनी त्यावर फळी ठेवली, दोरीनं बांधली आणि म्हणाले, "ठिकरे, माझं झालं." लहानपणी मी त्यांनी तोडून टाकलेल्या फरशीच्या ठिकऱ्या वेचत बसायचे, तेव्हापासून मी ठिकरी.

ती दोरी सोडून मी बघायला हवं होतं. रोज मनात यायचं. पण बाबांचं पान तपासायचं म्हणजे त्यांची उलटतपासणीच घेण्यासारखं. आजवर तेच माझी पानं तपासत आले. मी फळीला हात लावला असता, तर त्यांना लगेच कळलं असतं की पोरीचा विश्वास उडाला. शिवाय खरं सांगायचं तर मला बघायचंच नव्हतं. जोवर फळी बांधलेली आहे, तोवर पान बरोबर आहे, असं मी स्वतःला समजावत होते.

भिंतीवरचं काम सुरू झालं तेव्हा मात्र खालच्या रांगेनं आमची चांगलीच करमणूक केली. एक गृहस्थ घाईघाईनं आले आणि भिंतीवरच्या शेवटच्या माणसामागे जाऊन उभे राहिले. बऱ्याच वेळानं त्यांच्या लक्षात आलं. एका बाईनं परांचीवर उभ्या असलेल्या मला विचारलं, "अहो, यांचा नंबर आमच्या आधी का?" बाबा खाली नळाजवळ खोक्यावर बसून रंगांप्रमाणे तुकडे वेगळे करत होते आणि प्रत्येकाला उत्तरं देत होते. इतके खुशीत मी त्यांना कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

त्यांचं पान लावायचं होतं तो दिवस नेमका समितीच्या पाहणीचा होता. ती माणसं दुपारी यायची होती. भिंतीचं सिमेंटकाम बघणाऱ्या गवंडीमामांनी सकाळीच पानाच्या मागच्या बाजूला पातळ सिमेंट फासून फटी भरून घेतल्या होत्या, त्यामुळे भिंतीशी नेताना मला नुसता करडा राडा दिसला. आम्ही दोघांनी ते दाबलं, फळीनं ठोकून सारखं केलं. मी स्पंजनं पाणी मारत राहिले. कागद भिजून गडद झाला, कडेनं सुटायला लागला. मी वरचं टोक धरलं आणि हलकेच खाली ओढत आणलं.

आधी केस दिसले. मग कान. कान नको त्या बाजूला होता.

मी कागद पुरता सोलून काढला. सगळी रांग उजवीकडे, खिडकीकडे बघत होती, आणि मधोमध निळ्या शर्टातला माणूस डावीकडे तोंड करून, मागच्या बाईच्या अगदी समोरासमोर उभा होता. काम देखणं होतं. गालावरची सावली, बाहीची घडी, एकेक तुकडा बेतानं तोडलेला. नुसतं फिरवायचं राहून गेलं होतं. बाबांनी समोरचं सुलटं चित्र जसंच्या तसं पानावर उतरवलं होतं.

"ताई," गवंडीमामा हळूच म्हणाले, "हा तर घरी निघाला."

मी खाली बघितलं. बाबा चहाचा कप हातात धरून फाटकाकडे पाहत होते. माझ्याकडे त्यांचं लक्ष नसावं. निदान मला तसं वाटलं.

"काढायचं असेल तर आत्ताच बोला," मामा म्हणाले. "ऊन चढलं की छिन्नी लागेल."

काढायचं म्हणजे थापीनं खरवडून खाली पाडायचं. बाबांच्या समोर, सगळ्या रांगेसमोर. तुकडे बादलीत पडायचे आवाज माझ्या कानात आधीच यायला लागले. आणि नाही काढलं, तर दुपारी समिती येऊन तेच करायला सांगणार होती, वर बाबांना कारण विचारून. म्हणजे दोन्हीकडून फजितीच. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. बाबांचा नव्हे, त्या बांधलेल्या फळीचा. माझाच.

"मामा, काय म्हणालात तुम्ही?"

"म्हटलं, घरी निघालाय."

तेच धरलं मी. याचं काम झालंय. दाखला मिळालाय, म्हणून हा परत निघालाय. रांगेत असा एक तरी माणूस हवाच की. मुद्दाम केलंय, म्हणायचं. बाबांची कल्पना, म्हणायचं. कोण विचारतंय? मी जरा मागे सरकून पुन्हा बघितलं. खिसा!

शर्टाचा खिसा डाव्या छातीवर असतो. आमच्या रांगेतल्या प्रत्येक शर्टाला होता. याला मात्र तो उजव्या छातीवर गेला होता, कारण माणूस पुरता आरशातून आला होता. मुद्दाम परत फिरवलेल्या माणसाचा खिसा काही जागा बदलत नाही. जाणत्या नजरेला तो खिसाच सांगणार होता की ही कल्पना नाही, ही चूक आहे. आणि समितीचं राहू द्या, बाबांच्या नजरेला तो आधी दिसणार होता.

"मामा, पोतं ओलं करून इथे धरा. ऊन लागतंय म्हणा."

पोत्याच्या आडोशानं मी चिमट्यानं खिशाचे गडद तुकडे एकेक उपसले. दुसऱ्या बाजूचे फिक्या निळ्या रंगाचे तुकडे काढून त्यांची अदलाबदल केली. सिमेंट अजून लोण्यासारखं मऊ होतं, पण एक तुकडा चिमट्यातून तीनदा निसटला. खिशाला अडकवलेलं पेनसुद्धा, पांढऱ्या काचेची एवढीशी काडी, मी नव्या जागी उभी केली. बोटानं फटी बुजवल्या. खिसा डाव्या छातीवर आला. मामा पोतं धरून सगळं बघत होते.

समिती आली तेव्हा मी परांचीवरून खाली उतरले होते आणि नखं लपवायला हात मागे बांधून उभी होते. ज्युनियरनं मंजूर चित्र उघडलं, भिंतीकडे बघितलं, चित्राकडे बघितलं, आणि त्याचं बोट थेट निळ्या शर्टावर गेलं.

"हा कुठे चाललाय?"

"घरी," मी म्हटलं. आवाज माझा मलाच परका वाटला. "त्याचं काम झालं. दाखला मिळाला त्याला."

"मंजूर चित्रात सगळे खिडकीकडे आहेत. अट स्पष्ट होती. हे काढावं लागेल."

मागच्या खऱ्या रांगेतून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "राहू द्या हो! एकाचं तरी झालं!" आणि हशा पिकला. मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्या दोन पावलं पुढे झाल्या, मान वर करून बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, खिसा बघताहेत. मला वाटलं, तुकड्यांच्या फटी अजून ओल्या दिसताहेत, आता विचारणार.

"कल्पना कुणाची?" त्यांनी विचारलं.

"बाबांची."

बोलून गेले आणि लगेच पस्तावले. कारण मोठ्या बाई वळून सरळ बाबांपाशी गेल्या. हे मी धरलंच नव्हतं. मी बाबांना काही सांगितलंच नव्हतं. सांगणार तरी काय होते?

"आजोबा, खरंच? हा माणूस तुम्ही मुद्दाम फिरवलात?"

बाबा खोक्यावरून उठले. त्यांनी भिंतीकडे बघितलं, डोळे बारीक करून, हाताचा आडोसा करून. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. एक अक्षर चुकीचं निघालं तर सगळंच संपलं असतं, भिंत, पुढची भिंत, आणि बाबा. त्यांनी ओठ ओले केले. मग माझ्याकडे एकदा बघितलं.

"हो," ते म्हणाले. "रांगेत सगळेच जाणारे असले तर पोटात खड्डा पडतो, बाई. समोरून कुणीतरी परत येताना दिसलं की धीर येतो. त्या मागच्या बाईला बघा. तिच्याकडे बघून हा म्हणतोय, होतंय, जरा वेळ लागतो, पण होतंय."

मोठ्या बाई आता हसल्या. "राहू दे," त्या ज्युनियरला म्हणाल्या. त्यानं फाइल, मंजुरी असं काहीतरी पुटपुटलं, तर म्हणाल्या, "फाइलचं मी बघते." आणि जाता जाता बाबांना म्हणाल्या, "पाणीपुरवठ्याच्या भिंतीवरही तुमच्या डोक्यातलं असंच काहीतरी येऊ द्या."

त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली. मी खोक्यावरच बसले. हसू आवरेना. वर्षभराची धास्ती एका झटक्यात उतरल्यासारखं वाटलं. कशाला घाबरत होते मी? ज्या माणसाला ऐनवेळी इतकी बिनतोड थाप सुचते, त्याच्या डोक्याला काय धाड भरलीय? एक पान चुकलं असेल, चुकू दे. तल्लख आहेत बाबा. मला वाचवलं त्यांनी.

"बाबा," मी डोळे पुसत म्हटलं, "काय ठोकून दिलंत हो!"

"ठोकून?" बाबा म्हणाले. "काय ठोकून दिलं?"

मी हसत होते. ते हसत नव्हते. थट्टा करताना त्यांची डावी भुवई वर जाते, ती जागच्या जागी होती.

"खरं सांगू तुला?" ते माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले. "सकाळी तू पान सोललंस तेव्हा मी खालून बघितलं. छातीत धस्स झालं गं. म्हटलं, चुकलो. हे असं कसं लावलं, मला काही आठवेचना. हल्ली बऱ्याच गोष्टींचं असं होतं, तुम्हाला दोघींना मी बोललो नाही. म्हटलं, संपलं आता आपलं. ती माणसं गेली की तुला सांगणार होतो, की यापुढे तू एकटी कर. फाटकाकडे तोंड करून तेच जुळवत बसलो होतो."

"बाबा..."

"ऐक तर. मग तू म्हणालीस की कल्पना बाबांची. मी वर बघितलं. तर खिसा!" त्यांनी माझा खांदा घट्ट धरला. "खिसा डावीकडे आहे, ठिकरे. चुकून उलटं झालं असतं, तर खिसा उजवीकडे गेला असता की नाही? म्हणजे मी विचार करूनच केलंय. आठवत नसलं म्हणून काय झालं, हातानं बरोबर केलंय. माणूस फिरवलाय आणि खिसा जागेवर ठेवलाय. चुकणाऱ्याला हे जमतं होय?"

गवंडीमामा पोतं पिळत होते. त्यांनी पिळायचं थांबवलं नाही, मानही वर केली नाही.

बाबांचा चेहरा असा उजळला होता, की गेल्या वर्षभरात मी तो विसरूनच गेले होते. "पुढच्या भिंतीची मोठी पानं मला दे," ते म्हणाले. "सगळी. आणि तू मध्ये मध्ये डोकावू नकोस. मला माहितेय तू डोकावतेस. आता काही गरज नाही त्याची."

आत्ताच सांगावं, इथेच सांगावं, म्हणून मी तोंड उघडलं. त्यांचा हात अजून माझ्या खांद्यावर होता, आणि ते वर खिशाकडे बघून हसत होते. मला इतकी भीती वाटली, की सकाळपासूनची सगळी भीती त्यापुढे काहीच नव्हती.

"बरं," मी म्हणाले.